अनुभव नाही, तरी फायनान्समध्ये शिरायचंय: कुठून आणि कसं?

‘संबंधित कामाचा किमान २ वर्षांचा अनुभव.’ नोकरीच्या जाहिरातीतली ही ओळ दिसली की बरेच जण पुढचं वाचतच नाहीत. मीही तसंच करायचो. तेव्हा मी प्रयोगशाळेत नमुने तपासायचो आणि ताळेबंद कशाशी खातात हेही मला ठाऊक नव्हतं. पुढे पतविश्लेषणात, म्हणजे कर्ज घेणारा ते फेडू शकेल का हे तपासण्याच्या (क्रेडिट अ‍ॅनालिसिसच्या) कामात आलो आणि काही वर्षांनी अर्ज चाळणाऱ्यांच्या बाजूला बसलो. तिथे बसल्यावर त्या ओळीचा अर्थ उलगडला. निवडणाऱ्याच्या मनात एकच शंका असते: या माणसाने आणून दिलेला आकडा मी पुन्हा न तपासता वर पाठवू शकेन का? २ वर्षांचा अनुभव हे त्या शंकेचं सगळ्यात सोपं उत्तर आहे, म्हणून तो मागतात. पण उत्तर तेवढं एकच नाही. अनुभवाशिवाय हा विश्वास कसा कमवायचा, त्याची ही वाट आहे. नोकरी सांभाळून रोज दीड-दोन तास देता आले, तर साधारण ६ ते ९ महिन्यांचं काम आहे.

पायरी १: ‘फायनान्स’ म्हणजे नेमकं कोणतं काम?

‘मला फायनान्समध्ये जायचंय’ हे वाक्य ‘मला हॉस्पिटलमध्ये काम करायचंय’ इतकंच मोघम आहे. आधी दार ठरवा, कारण प्रत्येक दाराची किल्ली वेगळी असते.

इन्व्हेस्टमेंट बँकिंग (कंपन्यांना भांडवल उभारून देणं), प्रायव्हेट इक्विटी (कंपन्या विकत घेऊन पुढे विकणारे फंड), फंड मॅनेजमेंट ही दारं बाहेरून सगळ्यात जास्त दिसतात आणि नवख्याला सगळ्यात कमी उघडतात. इन्व्हेस्टमेंट बँका खालच्या पातळीवरची भरती मुख्यतः ठरावीक विद्यापीठांतून, इंटर्नशिपच्या साखळीतून करतात, आणि प्रायव्हेट इक्विटीवाले पुढे त्याच बँकांतून माणसं उचलतात. तिथेच जायचं असेल तर मास्टर्स पदवीची वाट धरणं जास्त प्रामाणिक. नुसते अर्ज पाठवत राहिल्याने निराशा तेवढी वाढते.

नवख्यांसाठी खरी दारं वेगळी आहेत. पहिलं ऑपरेशन्सचं: व्यवहारांची सेटलमेंट (पैसे आणि शेअर यांची देवाणघेवाण पूर्ण करणं), ताळमेळ म्हणजे रिकन्सिलिएशन (दोन ठिकाणच्या नोंदी जुळवून बघणं), फंड अकाउंटिंग (फंडांचे हिशेब). अमेरिकेच्या शेअर बाजारात २८ मे २०२४ पासून व्यवहार दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो. त्याआधी २ दिवस मिळायचे. मुदत अशी आवळली की चूक त्याच दिवशी पकडणारी माणसं लागतात, आणि त्यांच्याकडून पदवीपेक्षा काटेकोरपणाची अपेक्षा जास्त असते. दुसरं दार अनुपालनाचं: ग्राहकांची ओळख-पडताळणी, संशयास्पद व्यवहारांची छाननी. तिसरं बँका आणि कर्ज देणाऱ्या संस्थांतलं पतविश्लेषण.

चौथं दार मला सगळ्यात मोलाचं वाटतं आणि त्याकडेच लोक सगळ्यात कमी बघतात: तुम्ही आत्ता ज्या उद्योगात आहात, त्याच उद्योगातलं बजेट आणि नियोजनाचं काम. प्रत्येक मोठ्या कंपनीत पुढच्या वर्षीचा खर्च-उत्पन्नाचा अंदाज बांधणारी आणि दर महिन्याला ‘अंदाज किती, प्रत्यक्ष किती, फरक का’ हे सांगणारी एक टीम असते. नर्सला माहीत असतं की वॉर्डचा खर्च कुठे वाढतो. यंत्रांवर काम केलेल्याला कळतं की माल कशामुळे वाया जातो. हे ज्ञान कॉमर्सच्या पदवीधराकडे नसतं. त्याला उद्योग शिकायला जितका वेळ लागेल, त्यापेक्षा कमी वेळात तुम्ही हिशेब शिकाल. तुमच्या सध्याच्या कंपनीत असा विभाग असेल तर बाहेर अर्ज करण्याआधी तिथल्या लोकांना भेटा.

एक मुख्य दार निवडा, एक पर्यायी ठेवा. चारही ठिकाणी एकच रेझ्युमे पाठवला तर तो एकाही ठिकाणी बसत नाही.

पायरी २: तीन पत्रकं, आणि त्यांच्यातला धागा

या पायरीवर घाई करू नका. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुढचं सगळं याच पाण्यावर चालतं.

नफा-तोटा पत्रक एका काळाची कमाई सांगतं. ताळेबंद एका दिवशी काय मालकीचं आहे आणि काय देणं आहे ते दाखवतो. रोख प्रवाह पत्रक पैसा खरोखर कुठून आला आणि कुठे गेला ते सांगतं. या व्याख्या पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. अवघड आणि महत्त्वाचं आहे ते तिघांना जोडणारा धागा बघणं. त्यासाठी मुलाखतींत वर्षानुवर्षं विचारला जाणारा एक प्रश्न हाताने सोडवा: घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी खर्च म्हणून दाखवलेली रक्कम) १० ने वाढला, कराचा दर ३० टक्के आहे, तर तिन्ही पत्रकांत काय बदलेल?

नफा-तोटा पत्रकात करपूर्व नफा १० ने घटतो, त्यामुळे कर ३ ने कमी होतो आणि निव्वळ नफा ७ ने उतरतो. रोख प्रवाह पत्रकाची सुरुवात या उणे ७ पासून होते. पण घसारा म्हणजे खिशातून गेलेला पैसा नव्हे, म्हणून ते १० परत मिळवायचे. रोख ३ ने वाढते. हे ३ म्हणजेच वाचलेला कर. आता ताळेबंद: रोख ३ ने वर, यंत्रसामग्रीची किंमत १० ने खाली, म्हणजे मालमत्तेची बाजू ७ ने कमी. दुसऱ्या बाजूला साठलेला नफाही ७ ने कमी. दोन्ही बाजू जुळल्या.

हे कागदावर, पुस्तक न बघता करता आलं की तशीच आणखी उदाहरणं स्वतः तयार करा. उधारीवर माल विकला तर? कर्ज काढून यंत्र घेतलं तर? आगाऊ पैसे घेतले आणि माल अजून दिला नाही तर? अशी पंधरा-वीस उदाहरणं झाली की एक दिवस लक्षात येतं, आपण आता नियम आठवत नाही, आपल्याला पैसा फिरताना दिसतोय. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहिण्याची, म्हणजे दुहेरी नोंदीची ही पद्धत लुका पाचोली याने व्हेनिसमध्ये १४९४ साली छापून प्रसिद्ध केली आणि अजून ती तशीच चालते. त्यामुळे यात घातलेला वेळ जुना होत नाही.

त्यानंतर लागतो पैशाचा काळ. आजचे १०० आणि वर्षभरानंतरचे १०० सारखे का नाहीत, भविष्यातल्या रकमेची आजची किंमत कशी काढतात, आणि व्याजदर वाढले की जुन्या कर्जरोख्यांचा भाव का पडतो, इतकं सुरुवातीला पुरे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न स्कूलमधले अस्वथ दामोदरन यांनी मूल्यांकनाची व्याख्यानं, एक्सेलच्या फाइली आणि उद्योगनिहाय आकडेवारी स्वतःच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी मोफत ठेवली आहे. पैसे भरून कोर्स घेण्याआधी तिथे महिनाभर घालवा.

पायरी ३: एक्सेल, पण तपासणीसकट

समइफ्स (अटीनुसार बेरीज), एक्सलुकअप (दुसऱ्या तक्त्यातून आकडा शोधणं), पिव्हट टेबल (सारांश तक्ता), तारखांची सूत्रं आणि माउस न वापरता फिरण्याची सवय ही शिदोरी दोन-तीन आठवड्यांत बांधता येते. त्यापुढची गोष्ट कोर्समध्ये क्वचितच शिकवतात: आपलीच शीट चुकीची आहे असं धरून ती तपासणं.

एक साधं उदाहरण. आज १,००० गुंतवायचे, पुढची ३ वर्षं दरवर्षी ५०० मिळणार, दर १० टक्के. चारही रकमा एक्सेलच्या एनपीव्ही (पुढच्या रकमांची आजची निव्वळ किंमत काढणाऱ्या) फंक्शनमध्ये टाकल्या तर उत्तर येतं सुमारे २२१. बरोबर उत्तर आहे सुमारे २४३. कारण हे फंक्शन पहिली रक्कमसुद्धा एका वर्षानंतर येणार असं धरतं. आज जाणारे १,००० कंसाबाहेर ठेवून वेगळे वजा करावे लागतात. शीटवर चुकीची कुठलीही लाल खूण येत नाही; आकडा शांतपणे चुकीचा येतो. ज्याने हे एकदा हाताने पडताळलं, तो फंक्शनवर आंधळा विश्वास ठेवत नाही.

यापेक्षा मोठं उदाहरण २०१३ सालचं. हार्वर्डच्या कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्यावर लिहिलेल्या निबंधाचा जगभरच्या धोरणकर्त्यांनी आधार घेतला होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातल्या स्वाध्यायासाठी तेच आकडे पुन्हा मांडायला बसला आणि त्याला ते जुळेनात. मूळ शीट मागवल्यावर दिसलं की सरासरीच्या सूत्रात ५ देशांच्या ओळी धरल्याच नव्हत्या. आकड्यांची निवड आणि सरासरी काढण्याची पद्धत यांवरही त्याचे आक्षेप होते, आणि फरकाचा मोठा भाग त्यातूनच आला. जास्त कर्ज असलेल्या देशांची वाढ मूळ निबंधात उणे ०.१ टक्के होती; हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांच्या हिशेबाने ती २.२ टक्के निघाली. हे शोधायला त्याच्याजवळ कुठलं पद नव्हतं. त्याने प्रत्येक आकडा कुठून आला एवढंच विचारलं.

म्हणून पहिल्या दिवसापासून सवय लावा. हाताने भरलेले आकडे निळ्या रंगात, सूत्रं काळ्या रंगात. गृहीतकांचं पान वेगळं. सूत्रात थेट आकडा कधीच लिहायचा नाही. ताळेबंदाखाली ‘फरक’ अशी एक ओळ, आणि तिथे शून्यच दिसलं पाहिजे.

पायरी ४: स्वतःचा पुरावा तयार करा

अनुभवाची रिकामी जागा भरायची ती इथे. एक कंपनी घ्या, शेअर बाजारात नोंदलेली, म्हणजे तिचे वार्षिक अहवाल मोफत मिळतील. उद्योग तुमच्या ओळखीचा असू दे. बँका, विमा कंपन्या आणि पसरट उद्योगसमूह पहिल्या खेपेला टाळा. त्यांचे हिशेब वेगळ्या धाटणीचे असतात.

मागच्या ५ वर्षांची तिन्ही पत्रकं स्वतः एक्सेलमध्ये टाइप करा. तयार डेटा उतरवून घेऊ नका. टाइप करतानाच कळतं की कुठली रक्कम अचानक दुप्पट झाली, कुठल्या ओळीचं नाव बदललं. मग पत्रकांना जोडलेल्या टिपा वाचा. अहवालाच्या सुरुवातीचे रंगीत फोटो आणि अध्यक्षांचं मनोगत नंतर वाचलं तरी चालेल. आधी ऑडिटरचा अभिप्राय, उत्पन्न केव्हा नोंदवतात ते धोरण, आणि कर्ज कधी फेडायचं आहे ते वेळापत्रक.

मग प्रश्न विचारा. विक्री १० टक्क्यांनी वाढली आणि ग्राहकांकडची येणी ४० टक्क्यांनी, तर माल विकला गेला की नुसता ढकलला गेला? येण्यांना विक्रीने भागून ३६५ ने गुणलं की पैसे यायला सरासरी किती दिवस लागतात ते कळतं. ५ वर्षांचे असे दिवस एका ओळीत मांडले की कंपनीची तब्येत बरीचशी समोर येते. नफा वाढतोय आणि व्यवसायातली रोख मात्र वर्षानुवर्षं मागे पडतेय, असं दिसलं तर तिथे थांबून खणा.

शेवटी पुढच्या ३ वर्षांचा अंदाज बांधा. इथे मी एक आग्रह धरतो. ‘हा शेअर घ्यावा का?’ हा प्रश्न घेऊ नका. तो प्रत्येक जण घेतो आणि उत्तर बरोबर की चूक हे मुलाखतीच्या दिवशी कुणालाच ठरवता येत नाही. त्याऐवजी विचारा: विक्री २० टक्क्यांनी पडली तर ही कंपनी व्याज भरू शकेल का? समजा विक्री १,०००, विक्रीबरोबर बदलणारा खर्च ६००, स्थिर खर्च २५०. उरले १५०. व्याज ५०, म्हणजे व्याजाच्या ३ पट कमाई. विक्री ८०० झाली तर बदलता खर्च ४८०, स्थिर खर्च मात्र २५० तसाच, उरले ७०. कमाई व्याजाच्या जेमतेम १.४ पट. विक्री पाचव्या हिश्श्याने पडली आणि नफा निम्म्याहून जास्त गेला. कर्ज देणारा माणूस रोज हाच विचार करतो. तुम्ही तो आधीच करून दाखवला, तर ‘अनुभव आहे का’ हा प्रश्न मवाळ होतो.

या सगळ्याचं दोन पानी टिपण लिहा. पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष, मग कारणं, मग धोके, आणि ‘कोणती गोष्ट खोटी ठरली तर माझं मत बदलेल’ हे स्पष्ट. ही दोन पानं लिहायला एक्सेलमधल्या अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतो, लागू द्या. पहिली कंपनी झाली की दुसरी घ्या. दुसऱ्या वेळी वेळ निम्मा लागेल आणि काम दुपटीने चांगलं होईल.

स्वतःच्या खात्यात केलेलं ट्रेडिंग पुरावा म्हणून पुढे करू नका. चढत्या बाजारातला नफा तुमच्या विश्लेषणाबद्दल काहीच सांगत नाही. नोकरी मिळावी म्हणून शिकण्याच्या काळात साठवलेले पैसे फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये घालणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगेन, थांबा.

पायरी ५: परीक्षा, हव्या तेवढ्याच

सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट), म्हणजे गुंतवणूक विश्लेषणाची परीक्षा, जगभर ओळखली जाते. तिच्या ३ पातळ्या आहेत. पहिलीत १८० बहुपर्यायी प्रश्न, साडेचार तास. प्रत्येक पातळीसाठी साधारण ३०० तासांचा अभ्यास धरतात. परीक्षेला बसायलाच फायनान्सचा अनुभव लागतो, असा बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. तो लागत नाही, पदवीच्या शेवटच्या टप्प्यातले विद्यार्थीही बसू शकतात. अनुभव लागतो तो चार्टर, म्हणजे शेवटची सनद मिळवायला, किमान ३६ महिन्यांत ४,००० तास. जोखीम व्यवस्थापनाकडे ओढा असेल तर एफआरएम (फायनान्शियल रिस्क मॅनेजर) ही परीक्षा आहे, २ भागांची. तिच्याही परीक्षेला अनुभवाची अट नाही, प्रमाणपत्र हाती पडायला मात्र २ वर्षांचं काम दाखवावं लागतं.

परीक्षा दाराची बेल वाजवते, दार उघडत नाही. पहिली पातळी पास झालेला आणि दोन पानी टिपण लिहिलेला उमेदवार उठून दिसतो. तिन्ही पातळ्या पार केलेला पण एकही ताळेबंद स्वतः न उलगडलेला मुलाखतीत लवकर उघडा पडतो. वेळ एकाच गोष्टीला असेल तर चौथी पायरी निवडा. आणि ‘नोकरीची हमी’ देऊन आधी पैसे मागणारा कुठलाही कोर्स सोडून द्या.

पायरी ६: जुनं काम नव्या भाषेत

प्रयोगशाळेत मी रोज उपकरणांचं कॅलिब्रेशन नोंदवायचो आणि प्रमाण नमुन्याशी फरक आला तर कारण शोधायचो. रेझ्युमेत मी ते ‘चाचण्या केल्या’ असं लिहिलं होतं. एका वरिष्ठ सहकाऱ्याने वाचून विचारलं, “अरे, हे म्हणजे ताळमेळच ना?” त्या एका प्रश्नाने माझा रेझ्युमे बदलला.

तुमच्याही कामात असं काही असणार. दुकानातला साठा मोजून नोंदींशी जुळवणं, शाळेच्या सहलीचा खर्च मंजूर रकमेत बसवणं, पुरवठादाराशी मुदतीवरून बोलणी करणं. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: काय हाताळलं, किती, आणि त्याने काय बदललं. खोटा आकडा एकही नको. या क्षेत्रात एक खोटा आकडा बाकीचे सगळे खरे आकडे बुडवतो. नोकरी सोडण्याआधीच जमेल तिथे बजेटचं काम मागून घ्या. एखाद्या स्वयंसेवी संस्थेचे हिशेब वर्षभर सांभाळले तर तोही अनुभवच आहे.

पायरी ७: माणसांना विचारताना

जिथे शिरायचंय त्या कामात २ ते ५ वर्षं काढलेली माणसं शोधा. खूप वरच्या पदावरच्यांना सुरुवातीची धडपड आठवत नाही. संदेश पाच-सहा ओळींचा, आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ‘सहज बोलायचं होतं’ असं म्हणून शेवटी नोकरी मागितली की समोरचा बिथरतो. सरळ लिहा: मी अमुक कामातून पतविश्लेषणात येऊ बघतोय, एका कंपनीचं टिपण केलंय, २० मिनिटं देऊन त्यात काय कच्चं आहे ते सांगाल का? चूक दाखवायला लोक वेळ देतात. त्यांनी सांगितलेली दुरुस्ती करून महिनाभरात नवी प्रत पाठवा. माझ्याकडे टिपण घेऊन आलेल्यांतले फार थोडे ती दुसरी प्रत पाठवतात, आणि जे पाठवतात त्यांची नावं मी जागा निघाली की स्वतःहून पुढे करतो.

पायरी ८: मुलाखत

तीन गोष्टींची तयारी पक्की हवी. ‘का बदल करताय’ याचं दीड मिनिटात उत्तर, जुन्या नोकरीला नावं न ठेवता. दुसरी, तुमच्या टिपणातल्या प्रत्येक आकड्याचा उगम. तिसरी, एखादी आर्थिक घटना सोप्या शब्दांत सांगता येणं.

मी सरावासाठी सिलिकॉन व्हॅली बँकेचं उदाहरण देतो. तिथे ठेवी कधीही काढता येणाऱ्या होत्या आणि पैसा मात्र लांब मुदतीच्या रोख्यांत अडकलेला. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतले व्याजदर शून्याच्या जवळ होते. वर्षभरात ते साडेचार टक्क्यांवर गेले आणि रोख्यांचे भाव उतरले. मार्च २०२३ मध्ये बँकेने सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी, ९ मार्चला, ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले, आणि १० तारखेला बँक बंद झाली. हे सांगताना ‘व्याजदर वाढले की भाव का पडतो’ या उलटप्रश्नाचं उत्तर आलं, ठेवी आणि रोखे यांच्या मुदतींतली तफावत नेमकी दाखवता आली, तर समोरच्याला कळतं की तुम्ही बातमी नुसती वाचली नाही, तिच्या आत शिरलात.

माहीत नसेल तर ‘माहीत नाही, पण मी असं शोधेन’ म्हणा आणि कसं शोधाल ते खरोखर सांगा. त्याच संध्याकाळी उत्तर शोधून चार ओळींत ईमेलने पाठवा.

पहिला देकार बहुधा तुमच्या आधीच्या हुद्द्यापेक्षा खालचा आणि कधीकधी कमी पगाराचा असेल. घ्यायचा की नाही हे ठरवताना पगाराच्या आधी तीन गोष्टी विचारा: माझं काम कोण तपासणार, गेल्या २ वर्षांत या टीममधून किती जण पुढच्या पदावर गेले, आणि महिनाअखेरच्या कामात मला हात घालायला मिळेल का. काम शांतपणे समजावून तपासणारा वरिष्ठ मिळत असेल तर थोडा कमी पगार मी आजही स्वीकारेन. रुजू झाल्यावर एक वही ठेवा. जो आकडा वर पाठवाल, त्याच्यापुढे तो कुठून घेतला, कुणाशी पडताळला आणि कोणत्या तारखेचा आहे, हे हाताने लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुणीतरी तुमच्या टेबलाशी येऊन विचारेल, “हा आकडा कुठला?” तेव्हा ती वही उघडायची.